‘आजची गाडी म्हणजे ट्रॅक्टर नव्हे’ या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. उत्तराला चार दिवस लागले, कारण लिहिण्याआधी शेडमध्ये जाऊन दोन मापं परत घ्यायची होती.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डिसेंबरात रात्री गंगाखेड-परभणी रस्त्यावर माझी २०२१ ची हॅचबॅक उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. ब्रेक लागला, पण पुरला नाही. समोरच्या दोन्ही एअरबॅग उघडल्या आणि मी व बायको खरचटण्यावर सुटलो. पुढे अडीच महिने खपून गाडी मी शेतातल्या आखाड्यावरच्या शेडमध्ये दुरुस्त करून उभी केली. त्यावर तुम्ही वर्कशॉपमधल्या २६ वर्षांच्या अनुभवातून लिहिलंत की लिंबाच्या झाडाला चेन ब्लॉक (वजन उचलायची साखळीची कप्पी) टांगून आजच्या गाडीची बॉडी सरळ होत नाही, एअरबॅगशी खेळणं म्हणजे जिवाशी खेळणं, आणि अशा गाड्या उद्या कुणा अनोळखी माणसाच्या गळ्यात पडतात. शेवटी म्हणालात, ‘तुमचं वाचून एखादं पोरगं शेडमध्ये जीव गमावेल.’

हे वाक्य मला लागलं, कारण ते खरं ठरू शकतं. एअरबॅगचा भाग मी लेखात चार ओळींत उरकला होता. ती माझी चूक. म्हणून आधी तेच.

उघडून गेलेल्या बॅगेचा धोका बराचसा संपलेला असतो. धोका न उघडलेल्या बॅगेचा आणि नव्या बॅगेचा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली की काम सुरू, असं समजू नका. एअरबॅगच्या मॉड्यूलमधल्या, म्हणजे बॅग कधी उडवायची ते ठरवणाऱ्या डब्यातल्या, कपॅसिटरमध्ये बॅग उडवण्याइतका चार्ज शिल्लक असतो. धडकेत बॅटरीची तारच तुटली तरी बॅग उघडावी, म्हणून तो मुद्दाम ठेवलेला असतो. किती वेळ थांबायचं ते त्या त्या गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. मी त्यापेक्षा जास्त, पंधरा मिनिटं थांबलो, आणि तेवढा वेळ गाडीच्या किल्ल्या माझ्या खिशात होत्या. एअरबॅगच्या तारांच्या पिवळ्या कपलरला (जोडाला) मल्टिमीटर ओहमवर लावून बॅग तपासायची नाही, कारण मीटर स्वतःच करंट सोडतो. नवी बॅग नेताना कव्हर अंगापासून दूर धरायचं, टेबलावर ठेवताना कव्हरची बाजू वर. पालथी ठेवली आणि चुकून उडाली तर ती छपरापर्यंत जाईल.

समोरचे दोन्ही बेल्टही मी नवे टाकले. बेल्टच्या रीळमध्ये थोडी स्फोटक दारू असते. धडकेच्या क्षणी ती पेटून बेल्ट आवळते आणि एकदा पेटली की तो बेल्ट संपला. समोरची काचही नवी, कारण डाव्या बाजूची बॅग उघडताना काचेचाच आधार घेते. काच ज्या गोंदाने बसते तो कच्चा असताना गाडी हलवली तर तो आधार उरत नाही. काच बसवायला परभणीहून कारागीर बोलावला होता. तो गेल्यावर पूर्ण दिवस मी गाडीचं दारसुद्धा आपटू दिलं नाही.

आता बॉडीचं. तुम्ही ज्या फोटोवर बोट ठेवलंत, त्यातला लिंबाचा चेन ब्लॉक गाडीचं समोरचं सगळं, म्हणजे बंपर बीम, रेडिएटर, कंडेन्सर, एका जोडात उचलायला होता. ओढायला नव्हता. फोटोखाली मी तसं लिहिलं नाही, त्यामुळे तुमचा समज तसा होणं साहजिक आहे. साईड मेंबर, म्हणजे बॉडीचा पुढे जाणारा लांब दांडा, मी इंचभरही ओढला नाही, आणि घरी कुणी ओढूही नये. आजच्या बॉडीत जास्त ताकदीचं पोलाद असतं. ते गॅसने लाल केलं तर दिसायला सरळ होतं, पण त्याची ताकद जाते, आणि पुढच्या धडकेत ते कसं दुमडेल हे सांगता येत नाही. गावोगाव डेंटर मंडळी अजूनही गॅसच लावतात. त्यांच्या हाताचं कसब मोठं आहे. ही गोष्ट त्यांना कुणी समजावून सांगितलेलीच नाही.

मग बॉडी सरळ आहे हे मला कशावरून कळलं? हा तुमचा खरा प्रश्न आहे.

सोयाबीन वाळवायला शेडमध्ये वडिलांनी घातलेला कोबा आहे. पाण्याच्या लेव्हल पाइपने तो तपासला. गाडी चार स्टँडवर एका पातळीत घेतली. बॉडीखाली कारखान्यातली गोल भोकं असतात, डाव्या-उजव्या जोडीने. प्रत्येक भोकातून गवंड्याचा ओळंबा सोडला, वारा थांबेपर्यंत वाट पाहिली, आणि टोक जिथे स्थिरावलं तिथे कोब्यावर खडूने फुली मारली. बारा फुल्या झाल्या. गाडी बाजूला घेतली की जमिनीवर तिचा नकाशाच उरतो. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कर्ण मोजले. पुढच्या चौकोनात दोन कर्णांत फरक आला २ मिलिमीटर. माझ्या हाताचीही चूक असेल, म्हणून मेव्हण्याची त्याच मॉडेलची, कधीही न ठोकलेली गाडी आणली आणि तिलाही त्याच कोब्यावर ओळंबे सोडले. तिच्यात फरक आला १ मिलिमीटर. तुमच्या प्रतिक्रियेनंतर दोन्ही कर्ण परत मोजले, आकडा तोच आला. ३ च्या वर गेला असता तर गाडी ट्रकवर घालून बेंच (बॉडी पकडून मापात ओढायची चौकट) असलेल्या गॅरेजला पाठवायची, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं.

सगळा मार क्रॅश बॉक्सने खाल्ला होता. बंपर बीम आणि साईड मेंबर यांच्यामधला हा बोल्टवर बसणारा तुकडा चुरगाळण्यासाठीच बनवलेला असतो. माझ्या गाडीचा डावा बॉक्स भात्यासारखा बसला होता. नवा आणला आणि टॉर्क रेंचने आवळला.

वायरिंगने मात्र मला खरं दमवलं. सगळं जोडल्यावर एबीएसचा (ब्रेक लागताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) आणि स्टिअरिंगचा दिवा जाईना. साध्या ब्लूटूथ स्कॅनरला इंजिनापलीकडचं फारसं दिसत नाही. म्हणून बॅटरी काढून डॅशखालच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये मीटर लावला. कॅन म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती दोन तारांची लाइन. तिच्या दोन्ही टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात, त्यामुळे मधे ६० दिसायला हवेत. दिसले १२०. म्हणजे एक टोक तुटलेलं. दोन दिवस हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, बोटांनी चाचपत गेलो. डाव्या हेडलाइटमागे एक तार बाहेरून धडधाकट, पण दाबली की आत मऊ लागायची. धडकेत तार ताणली गेली होती, रबर शाबूत आणि तांबं तुटलेलं. जोडताना दोन्ही तारांचा पीळ होता तसा ठेवला. मीटरवर ६० आले, दिवे गेले. डीलरच्या अंदाजपत्रकात अख्खा हार्नेस बदलायचा होता.

अंदाजपत्रक एकूण ४ लाख १० हजारांचं. माझा स्वतःच्या गाडीचा विमा संपून नऊ दिवस झाले होते. माझ्यापुढे दोन रस्ते होते, गाडी भंगारात घालणं किंवा स्वतः शिकणं. एअरबॅगचं मॉड्यूल डीलरने काउंटरवर दिलं नाही. ‘गाडी इथं आणा, सगळं काम इथंच करा, तरच,’ असं उत्तर मिळालं. शेवटी संभाजीनगरच्या एका स्वतंत्र गॅरेजवाल्याने चेसिस नंबरवर ते मागवलं आणि त्याच्याच स्कॅनरने कोडिंग केलं, म्हणजे ते माझ्या गाडीशी जुळवलं. गाडी टेम्पोवर घालून तिथवर न्यावी लागली. ते काम घरी झालं नाही, आणि लेखात मी तसं लिहिलंय.

सर, माझा राग इथे आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटींचा दंड केला तो याच कारणाने, की सुटे भाग आणि निदानाची साधनं त्या बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत. प्रकरण अपिलात गेलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टल निघालं, त्यात वाहनंही आहेत. परभणीच्या काउंटरवर मला त्याचा काही उपयोग झाला नाही. खरं मॉड्यूल सरळ मार्गाने मिळत नाही, तेव्हाच माणूस चोरवाटेला लागतो. बॅगेच्या जागी दोन-तीन ओहमचा रेझिस्टर लावला की दिवा विझतो. फाटलेलं कव्हर चिकटवून रंगवलं की वरून कळत नाही. तुमची तिसरी भीती, अनोळखी गिऱ्हाइकाची, ती मला या कामाबद्दल वाटते. ते बंद दाराआड होतं, आणि त्यावर कुणी लेख लिहीत नाही.

म्हणून जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी: किल्ली ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी तो काढलाय. बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, तळाच्या लेबलवरची तारीख गाडीच्या वर्षाशी ताडून बघा. बेल्ट नवा असेल तर का, ते विचारा आणि बिल मागा. माझ्या गाडीची सगळी बिलं, मापांचा कागद आणि फोटो एका फाइलमध्ये आहेत. गाडी विकली तर फाइल सोबत जाईल.

तुमच्याकडून एक हवंय. दुरुस्तीनंतर डाव्या पुढच्या दाराची फट वर ४ मिलिमीटर आणि खाली साडेपाच आहे. उजवीकडे दोन्हीकडे ४. बिजागरी मी हलवलेली नाही, दाराच्या खांबाची मापं जुळतात. मला वाटतं फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) बसवताना चूक झाली, पण खात्री नाही, आणि याच गाडीतून लेकरं रोज शाळेत जातात. मापांचा कागद आणि दाराचे फोटो लेखाच्या शेवटी टाकलेत. वेळ काढून बघा आणि काय वाटतं ते इथेच, सगळ्यांसमोर लिहा.