‘यांना हिशेब येत नाही’ या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार,

तुम्ही एक तारा दिलात आणि लिहिलंत : "दहा बाय आठच्या सर्व्हर रूमला दीड टन पुरेल असं सांगून एसी बसवला. चार महिन्यांत सर्व्हर दोनदा गरम होऊन बंद पडले. तक्रार केली तर तिसऱ्या दिवशी आले आणि आता दुसरा एसी घ्या म्हणतात. दुसऱ्या एकाने पाच मिनिटांत खोली मोजून दोन टन सांगितलं. यांना हिशेब येत नाही."

तिसऱ्या दिवशी आलो, हे खरं आहे. सर्व्हर बंद पडलाय म्हटल्यावर त्याच दिवशी यायला हवं होतं. याला सबब नाही, माफ करा.

हिशेबाचं मात्र सविस्तर सांगतो. त्यात आमची चूक आहेच, पण तुम्ही लिहिलीय ती नाही.

बैठकीच्या खोलीला चौरस फुटांवरून टन काढतात, कारण तिथली उष्णता मुख्यतः भिंती, काचा आणि माणसं यांची असते. सर्व्हर रूममध्ये उष्णता येते ती प्लगमधून. सर्व्हर जितके वॅट वीज खातो, जवळपास तितकेच वॅट उष्णता खोलीत सोडतो. त्याच दहा बाय आठमध्ये एखादा राउटर ठेवा नाहीतर पाच सर्व्हर ठेवा, फूटपट्टीचं उत्तर तेच येणार.

म्हणून आम्ही यूपीएसच्या (वीज गेल्यावर बॅटरीवर सर्व्हर चालू ठेवणारं यंत्र) पॅनेलवरचा लोड घेतला होता : 1.9 किलोवॅट. सर्व्हरच्या मागच्या पट्टीवरचा आकडा धरला नाही, कारण 750 वॅटचे दोन पॉवर सप्लाय असले तरी दुसरा असतो तो पहिला गेल्यावर सांभाळायला. दोन्हींची बेरीज धरली तर खोलीला गरजेपेक्षा बराच मोठा एसी लागेल असं वाटतं. यूपीएस स्वतः गरम होतो, त्याचे सुमारे 150 वॅट धरले. पश्चिमेची भिंत, वरची गच्ची आणि दिवे मिळून 600. एकूण साधारण 2.65 किलोवॅट. किलोवॅटला 3,412 ने गुणलं की तासाचे बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) मिळतात, म्हणजे सुमारे 9,000. एक टन म्हणजे तासाला 12,000 बीटीयू. या हिशेबाने एक टनातसुद्धा भागतंय असं दिसतं.

तरी आम्ही दीड टन लिहिला. दीड टन म्हणजे कागदावर 5.3 किलोवॅट, पण साधा स्प्लिट एसी हवा थंड करतो तसाच हवेतलं पाणीही काढतो, आणि त्याची काही ताकद त्यात जाते. सर्व्हरला घाम येत नाही, त्यामुळे ती ताकद त्याच्या कामाची नाही. आम्ही हवा थंड करण्याचा वाटा 72 टक्के धरतो, म्हणजे 3.8. शिवाय छापील क्षमता बाहेर 35 अंश असतानाची असते. आउटडोअर युनिट तापल्या गच्चीवर असलं की ती घटते, म्हणून आणखी दहा टक्के कापले. हातात उरले 3.4 किलोवॅट.

आता आमची चूक. ते 1.9 चं रीडिंग आम्ही शनिवारी दुपारी घेतलं, अर्धं ऑफिस रिकामं असताना. कामाच्या दिवशी आणि रात्री बॅकअप चालू असताना तीच यंत्रं 2.3 किलोवॅट घेतात, हे आता कळलं. दीड टन तेव्हाही पुरला असता, पण अगदी काठावर. आणि काठावर आहे, यापुढे नवीन मशीन लावण्याआधी आम्हाला विचारा, ही ओळ आमच्या कोटेशनमध्ये कुठेच नव्हती. ती असती तर कदाचित आज हा पत्रव्यवहार झाला नसता.

कारण मधल्या काळात तुमच्या बंद झालेल्या शाखेतून दोन जुने सर्व्हर या रॅकमध्ये, म्हणजे सर्व्हर ठेवायच्या कपाटात, आले. रॅकच्या पॉवर स्ट्रिपवरच्या मीटरवर ते दोघे मिळून 900 वॅट घेतात. यूपीएसवर परवा 3.2 किलोवॅट दिसत होते. त्यात यूपीएसचे 250 आणि भिंतींचे 600 मिळवले की चारच्या वर गेलो. खोली आहे तेवढीच आहे. दोन टन सांगणाऱ्या गृहस्थांचा आकडा आजच्या लोडला जेमतेम बसतो, आमच्याच पद्धतीने काढला तर साडेचार किलोवॅट येतात. पण त्यांनी रॅककडे पाहिलंच नव्हतं, असं तुम्हीच फोनवर म्हणालात.

सर्व्हर बंद पडण्याच्या दोन घटना वेगवेगळ्या आहेत, त्या एकत्र करू नका. पहिली आमच्या खात्यात. सुट्टीच्या दिवशी वीस मिनिटं वीज गेली, यूपीएसने सर्व्हर चालू ठेवले, एसी अर्थातच थांबला. वीज परत आल्यावर तो आपोआप सुरू व्हायला हवा होता, झाला नाही. बसवताना मेन स्विच एकदा खाली-वर करून हे तपासायचं असतं. आमच्या माणसाने तपासलं नाही. तुमच्या खोलीत हवा भरते सुमारे 24 किलो. दोन किलोवॅटमध्ये नुसती हवा दर बारा सेकंदांना एक अंश चढते. भिंती आणि लोखंड उष्णता शोषून थोडा वेळ काढून देतात, पण एसीशिवाय अख्खा दिवस निघणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या वेळी लोड वाढलेला होता, वर फर्निचरच्या कामाची धूळ फिल्टरमध्ये बसलेली, आणि कोणीतरी काळजीपोटी रिमोट 16 वर नेला होता. 16 वर ठेवल्याने एसी जास्त थंड हवा फेकत नाही, फक्त थांबायचं विसरतो. हवा फिल्टरमधून जात नसेल तर कॉइलवर, म्हणजे एसीतल्या थंड नळ्यांवर, बर्फ धरतो, आणि मग आत काहीच येत नाही. आम्ही आलो तेव्हा तो बर्फ वितळून पाणी टपकत होतं.

एक गोष्ट आम्हाला आमच्याच कोटेशनमध्ये खटकली. इनडोअर युनिट 24 दाखवत होतं आणि रॅकच्या समोर आम्ही मोजले तर 33. रॅकमधल्या मोकळ्या खणांतून मागची गरम हवा फिरून पुढे येते आणि सर्व्हर तीच पुन्हा ओढतात. ते खण झाकायच्या पट्ट्या आम्ही ‘ऐच्छिक’ म्हणून लिहिल्या होत्या, तुम्ही साहजिकच वगळल्या. त्या ऐच्छिक लिहायलाच नको होत्या. आता आमच्याकडून लावून देतो, त्याचं बिल येणार नाही. अ‍ॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेची शिफारस 18 ते 27 अंशांची आहे, पण ती सर्व्हर जिथून हवा घेतो तिथली. एसीवरच्या आकड्याशी तिचा संबंध नाही.

दुसऱ्या एसीबद्दल. आम्ही तो सुचवला हे खरं, पण कारण नीट सांगितलं नाही. एकच दोन टनाचा लावला आणि तो बंद पडला तर पुन्हा पहिल्या घटनेसारखंच होणार. दीड-दीड टनाचे दोन असले तर एक गेल्यावर उरलेला 3.4 सांभाळतो. तुमचा लोड चारच्या वर आहे, म्हणजे तेव्हाही ते दोन जुने सर्व्हर बंद करावे लागतील. हेही तुम्हाला आधी सांगायला हवं होतं.

आणि खरं सांगू का? आधी तुमच्या आयटीवाल्यांना विचारा की त्या दोन जुन्या मशीनवरचं काम उरलेल्या तिघांवर हलवता येतं का. आलं तर 900 वॅट निघून जातात आणि सध्याचा एसी पुन्हा काठावर का होईना, पुरतो. आमचा धंदा बुडेल, पण तुमची वीजही वाचेल आणि यूपीएसच्या बॅटऱ्याही, कारण 25 च्या वर दर दहा अंशांना त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. तरीही राखीव म्हणून दुसरा हवा असेल, तर आमच्याकडून घ्यायलाच पाहिजे असं नाही. मोजमापाचा कागद आम्ही देतो, तो कोणालाही दाखवा.

एसी आपोआप सुरू होण्याची सेटिंग परवा केली आणि मेन स्विच तीनदा पाडून पाहिला, तिन्ही वेळा सुरू झाला. ड्रेन पाइप रॅकच्या डोक्यावरून गेलाय, तो भिंतीकडे वळवायचा आहे. त्यासाठी आणि रॅकसमोर आठवडाभर तापमान नोंदवणारा सेन्सर लावायला खोलीची किल्ली सोमवारी सकाळी लागेल. या वेळी कामाच्या दिवशीच येतो. रिमोट तोपर्यंत 24 वर असू द्या, आणि फिल्टर आज धुऊन घेता आला तर बरं.