टीटी फॉर्मवर सही केली म्हणजे गाडीतून सुटलात असं नाही

जुनी गाडी विकणाऱ्यांसाठी एक मेसेज ग्रुपवरून ग्रुपवर फिरतोय. त्याचं सार असं: ‘पैसे हातात आले, डिलिव्हरी लेटर घेतलं, टीटी फॉर्मवर (मालकी बदलाच्या आरटीओ अर्जावर) सह्या दिल्या की तुमची जबाबदारी संपली. नाव बदलणं घेणाऱ्याचं काम. विमा गाडीबरोबर आपोआप जातो. नंबर आवडीचा असेल तर प्लेट काढून नव्या गाडीला लावा.’ हे वाचून कुणी खरंच तसं वागलं, तर फार महागात पडेल.

‘जबाबदारी संपली’ यात अर्धंच सत्य आहे. तुम्ही आणि घेणारा, दोघांपुरता व्यवहार पुरा झाला हे खरं. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नेमक्या याच मुद्द्यावर निकाल दिला. गाडी २००७ मध्ये विकलेली, पुढे आणखी काही हातांतून गेलेली, अपघात २००९ चा. तरी भरपाईची जबाबदारी आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) नाव असलेल्या पहिल्या मालकावर आली. अपघातग्रस्ताने गाडी कुणी कुणाला विकली हे शोधत फिरायचं का, हा न्यायालयाचा विचार मला पूर्ण पटतो. नोटरी केलेला कागद घेऊन घेणाऱ्याच्या मागे लागता येईल, पण ती तुमची वेगळी लढाई. त्यात अपघाताच्या दिवशी गाडीचा विमा संपलेला असला, तर आकडा घरदार हलवणारा असू शकतो.

‘नाव बदलणं घेणाऱ्याचं काम’ हेही अपुरं. कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर विकणाऱ्याला ४५ दिवस, सोबत आरटीओची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र). कळवण्याचा कागद म्हणजे फॉर्म २९ आणि नाव चढवण्याचा अर्ज फॉर्म ३०. मेसेजमधला ‘टीटी फॉर्म’ म्हणजे हीच जोडी. पण प्रत्यक्षात तो कसा दिला जातो? घेणाऱ्याचं नाव कोरं, तारीख कोरी, खाली फक्त तुमची सही. एजंट असा कागद फाइलला लावून खरं गिऱ्हाईक मिळेपर्यंत गाडी फिरवतो आणि तोवर ई-चलनं तुमच्या मोबाइलवर येत राहतात. कोऱ्या फॉर्मवर सही देऊच नका, समोरचा कितीही ओळखीचा असो. १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत डीलरकडे गाडी सोपवल्याची ऑनलाइन नोंद करता येते आणि मग त्या काळापुरता डीलरच मालक धरला जातो. गाडी डीलरला देत असाल तर ही नोंद झाल्याशिवाय चावी सोडू नका.

विमा? तिसऱ्या पक्षाचं, म्हणजे अपघातात इतरांच्या होणाऱ्या नुकसानीचं, संरक्षण गाडीबरोबर जातं, एवढंच बरोबर. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम हवा असेल तर घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे पॉलिसी नावावर करण्यासाठी अर्ज करायला हवा. तुमचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मात्र तुमचाच, गाडीबरोबर जात नाही.

प्लेटचा सल्ला तर सरळ बेकायदा. नंबर त्या गाडीला दिलेला असतो. हाय सिक्युरिटी प्लेटवरचा लेझर क्रमांकही त्याच गाडीच्या नोंदीशी जोडलेला असतो. ती प्लेट दुसऱ्या गाडीवर दिसली तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट: फास्टॅग बंद करा, नाहीतर टोल तुमच्या खात्यातून कापला जाईल. आणि परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव बदललेलं दिसेपर्यंत फॉर्म २९ ची पोचपावती जपून ठेवा.