‘पाय घसरला ती कामगाराचीच चूक’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

सोलापुरातील यंत्रमाग आणि डाईंग कामगारांच्या मोबाइलवर एक संदेश सध्या फिरतो आहे. त्याचा आशय असा की, ओल्या फरशीवर घसरणारा कामगार स्वतःच्या निष्काळजीपणाने पडतो, म्हणून त्याला भरपाई मिळत नाही. मालकाने दवाखान्याचे बिल भरून कागदावर सही घेतली की विषय संपतो. आणि ज्याचे नाव मस्टरवर नाही, त्याने दाव्याचा विचारही करू नये.

पहिले विधान मुळातच चुकीचे आहे. १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा असो किंवा २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेणारी सामाजिक सुरक्षा संहिता असो, तेथे चूक कोणाची हे पाहिले जात नाही. इजा कामामुळे आणि काम चालू असताना झाली का, एवढेच पाहिले जाते. नशेत असणे, सुरक्षेचा स्पष्ट आदेश किंवा नियम जाणूनबुजून मोडणे आणि सुरक्षा साधन मुद्दाम काढून टाकणे हे अपवाद आहेत, पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर मालकाला त्यांचाही आधार घेता येत नाही. रंगाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या फरशीवर घाईने चालणे यांपैकी कशातही बसत नाही.

रक्कमही किरकोळ नसते. दरमहा १२,००० रुपये मिळवणाऱ्या ४० वर्षांच्या कामगाराची कमावण्याची क्षमता कायमची २० टक्के घटली, तर मजुरीचे ६० टक्के, कायद्याच्या तक्त्यात त्या वयासाठी दिलेला गुणांक १८४.१७ आणि ते २० टक्के यांच्या गुणाकारातून सुमारे २ लाख ६५ हजार रुपये होतात. मात्र ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचे, संरक्षण असलेल्या कामगाराला मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. त्याला उपचार आणि कामावर जाता येत नाही त्या काळात मजुरीच्या ९० टक्के दराने लाभ ईएसआयकडूनच मिळतो. दहापेक्षा कमी माणसांच्या माग-कारखान्याला सहसा ईएसआय लागू नसते, आणि तेथे जबाबदारी थेट मालकावर येते.

सहीच्या कागदाची भीती तर अगदीच अनाठायी आहे. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने निरर्थक ठरतो, आणि एकरकमी तडजोडीची नोंदणी करताना रक्कम अपुरी किंवा दबावाखाली ठरलेली दिसली तर अधिकारी ती नाकारू शकतो.

मस्टरवर नाव नसेल तर पुरावा अवघड होतो, एवढे मान्य करावे लागेल. हक्क मात्र जात नाही. मजुरीची वही, ऑनलाइन जमा झालेले पैसे, शेजारच्या मागावरील सोबत्याची साक्ष हे सगळे चालते, आणि माणसे ठेकेदाराची असली तरी ज्याच्या धंद्याचे काम चालू होते तो मूळ मालक जबाबदारीतून सुटत नाही.

खरा धोका या संदेशात आलेलाच नाही. मुकादमाच्या सांगण्यावरून कामगार डॉक्टरला ‘घरी पडलो’ असे सांगतो, केसपेपरवर तसेच लिहिले जाते आणि पुढे तोच कागद दाव्याच्या आड येतो. त्यामुळे पडल्याची जागा आणि वेळ पहिल्याच दिवशी केसपेपरवर खरी लिहून घ्यावी आणि मालकाला लेखी कळवून पोच ठेवावी. भरपाईच्या दाव्याला साधारणपणे अपघातापासून दोन वर्षांची मुदत असते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. औद्योगिक कामगार आणि महिला यांना तेथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.