पाणी बदलू नका, पाणी राखा: घरच्या पूलबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागेत घर बांधलेल्या काही जणांनी अंगणात लहानसा स्विमिंग पूल करून घेतला आहे. त्यांच्यासाठी एक मेसेज गावागावांतल्या ग्रुपवर फिरतो आहे. त्यातलं म्हणणं असं: घरचा पूल म्हणजे मोठं टाकं. फिल्टर आणि क्लोरीन ही विकणाऱ्यांची लूट. दर पंधरा दिवसांनी पाणी बदला, तुरटी फिरवा, हिरवट झालं तर मोरचूद टाका, क्लोरीनचा वास आला तर दवाई बंद करा, आणि चार फूट पाण्यात पोरं बुडत नसतात. आमचा पूल यंदा मार्चमध्येच भरला, त्यामुळे हा मेसेज मला सहा जणांनी पाठवला. सगळ्यांनी काळजीपोटीच पाठवला, पण त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट चुकीची आहे आणि शेवटची तर जिवावर बेतणारी.

"दर पंधरा दिवसांनी पाणी बदला." आमचा पूल 20 फूट लांब, 10 फूट रुंद, त्यात 4 फूट पाणी. 800 घनफूट झालं, म्हणजे साडेबावीस हजार लिटरच्या वर. पाच हजार लिटरचे साडेचार टँकर. मार्च ते जून दर पंधरवड्याला बदलायचं म्हटलं तर एक लाख ऐंशी हजार लिटर. आणि हे कुठे, तर बोअर खोल खोल नेऊनही पाणी लागत नाही, अंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची, फळं ठिबकच्या थेंबांवर झाडाला तगवावी लागतात, अशा तालुक्यात. शेजारचा माणूस झाड वाचवायला टँकर घेत असताना आपण टँकरभर पाणी नालीत सोडावं, हे मला पटत नाही.

गरजही नाही त्याची. नीट राखलेलं पाणी वर्षभर, त्याहूनही जास्त चालतं. उडून जातं तेवढंच भरायचं. मे महिन्यात आमची पातळी दिवसाला जवळपास सेंटिमीटरभर उतरायची, म्हणजे 180-190 लिटर. पूल वापरात नसताना कव्हर ओढायला लागलो तेव्हापासून ते बरंच कमी झालं.

दुसरं म्हणजे आपली जमीन. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. पूल भरलेला असला की आतलं पाणी भिंतींना टेका देतं. रिकामा केला की बाहेरच्या मातीचा दाब भिंती एकट्याच झेलतात आणि तडे जाऊ शकतात. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलेलं असेल तर रिकामा पूल खालून उचललाही जाऊ शकतो. थोडंफार पाणी कधी बदलावं लागतंच. उन्हात क्लोरीन टिकवणारं स्टॅबिलायझर क्लोरीनच्या गोळ्यांमधून साठत जातं, ते 100 पीपीएमच्या (दहा लाख भाग पाण्यात 100 भाग) वर गेलं की काही पाणी काढून ताजं घालायचं. पण ते चाचणी करून, तारीख बघून नाही.

"तुरटी फिरवली की पाणी शुद्ध." तुरटीनं गाळ खाली बसतो. पाणी नितळ दिसतं, पण जंतू मरायची खात्री नाही. कोमट, क्लोरीन नसलेल्या गोड्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा वाढू शकतो. तो नाकावाटे मेंदूपर्यंत जातो. 2024 आणि 2025 साली केरळात त्याचे रुग्ण आढळले. आजार दुर्मीळ आहे, पण झाला तर वाचणारे थोडे. आणि विदर्भातल्या मे महिन्यात पाणी कोमटच असतं.

लागणारं क्लोरीन फार नाही. पाण्यात 1 ते 3 पीपीएम मोकळं क्लोरीन हवं. आमच्या पूलमध्ये 1 पीपीएम वाढवायला ताजी ब्लीचिंग पावडर साधारण 70 ग्रॅम लागते. ही पावडर आपल्या उन्हाळ्यात टिनाच्या खोलीत ठेवली तर लवकर नासते, म्हणून थोडी थोडी आणावी. बादलीत आधी पाणी, मग पावडर. ब्लीचिंग आणि क्लोरीनच्या गोळ्या कधीही एकाच भांड्यात घ्यायच्या नाहीत, पेट घेऊ शकतात. अ‍ॅसिडजवळ तर ठेवूच नयेत.

"हिरवट झालं तर मोरचूद." संत्रेवाल्यांना मोरचूद सांगायला नको. डिंक्या रोगासाठी चुन्यात मिसळून बुंध्याला लावतोच आपण. म्हणूनच हा सल्ला आपल्याकडे लगेच पटतो. मोरचूदनं शेवाळ मरतं हे खरं, पण पोटाचे आजार आणणारे जंतू त्याच्या भरवशावर सोडता येत नाहीत. शिवाय त्यातलं तांबं भिंतींवर डाग पाडतं आणि पांढऱ्या केसांना हिरवट छटा आणतं. पाणी हिरवं का होतं ते बघायला हवं. उघड्या उन्हात साधं क्लोरीन तासाभरात निम्मं उडतं. म्हणून स्टॅबिलायझर 30 ते 50 पीपीएम ठेवायचं आणि क्लोरीन सूर्य मावळल्यावर टाकायचं. नव्या पूलची आणखी एक गोष्ट: सिमेंटचा गिलावा पहिला महिनाभर चुना सोडतो, पीएच (पाणी किती आम्ल की अल्कधर्मी याचं माप) चढत राहतो. पीएच 7.2 असला तर क्लोरीनचा जवळपास दोन तृतीयांश भाग जंतू मारायच्या जोमदार रूपात असतो. 8 झाला की जेमतेम पाव. मी सुरुवातीला नुसतं क्लोरीनच वाढवत बसले होते. पीएच उतरवला, भिंती रोज ब्रशनं घासल्या, तेव्हा पाणी निवळलं.

"वास आला की दवाई बंद करा." याच्या उलट करायचं असतं. तो झोंबरा वास घाम आणि लघवी क्लोरीनशी मिळून तयार होणाऱ्या क्लोरामाइनचा. म्हणजे क्लोरीन कमी पडतं आहे. वावरातून आलेली पोरं आधी नळाखाली उभी करा, निम्मा वास तिथेच जातो.

फिल्टरला लूट म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की थांबलेल्या पाण्यात डासांची अळी आठ-दहा दिवसांत डास होते. दिवसाला सहा-आठ तास पंप फिरवा, वीज असेल तेव्हा तुकड्यातुकड्यात चालेल. फिल्टरवरचा दाबाचा काटा नेहमीपेक्षा 8-10 पीएसआय चढला की बॅकवॉश करा, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुवा.

"चार फूट पाण्यात पोरं बुडत नसतात." सहा वर्षांचं मूल साधारण पावणेचार फुटांचं असतं. चार फूट पाणी त्याच्या डोक्यावरून जातं. बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. तोंड पाण्याबाहेर काढायलाच त्याचा सगळा जीव लागलेला असतो. आपल्याकडे दर उन्हाळ्यात शेततळ्यांच्या बातम्या येतात. प्लास्टिकच्या अस्तरावर पाय सरकतो आणि वर येता येत नाही, त्या पोरांनाही कुणीतरी "कमीच पाणी आहे" म्हणालं असेल.

आमच्या पूलला पहिले आठ दिवस कुंपण नव्हतं. एका दुपारी सगळे जेवून पडलेले, मी पाणी प्यायला उठले, तर चार वर्षांचा नातू चप्पल काढून काठावर वाकलेला. "आजी, मले बेडूक दिसला," म्हणाला. हाक न मारता मागून जाऊन मी त्याला उचललं आणि बराच वेळ खाली ठेवू शकले नाही. दुसऱ्याच दिवशी चारही बाजूंनी जाळी लागली. फाटक आपोआप मिटतं, कडी मोठ्यांच्या छातीइतकी उंच आहे. पंपाच्या लाइनवर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवून घेतला.

आता संध्याकाळी सहाला ऊन बागेमागे गेलं की मी आधी चाचणीच्या पट्टीचा रंग बघते, मग फाटक उघडते. घरातलं एक मोठं माणूस मोबाइल घरात ठेवून काठावर पाय सोडून बसतं. पाळी लागलेली आहे. आज माझी.