भाड्यातून हप्ता निघत नाही

'भाड्यातूनच कर्जाचा हप्ता सुटतो' हे लेखातलं वाक्य वाचून राहवलं नाही. पहिल्यांदाच गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेणाऱ्यांनी कृपया त्यावर विसंबू नका.

आम्ही २०१६ मध्ये पुण्याजवळ वाकडला वन बीएचके घेतला, ४१ लाखांना. कर्ज ३० लाख, हप्ता जवळपास २८ हजार आणि भाडं १२ हजार! म्हणजे वर्षाचं भाडं किमतीच्या साडेतीन टक्के. उरलेले १६ हजार दर महिन्याला पगारातून गेले. पहिला भाडेकरू गेल्यावर घर दोन महिने रिकामं होतं. बोअरच्या पाण्याने नळांवर पांढरा थर चढलेला, गिझरची कॉईल गेलेली, हॉलच्या भिंतीला ओल. रंगासकट सगळं करून घेताना दोन महिन्यांचं भाडं गेलं.

आमच्या सोसायटीने तर भाडेकरू ठेवला म्हणून मेंटेनन्स दुप्पट केला होता. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसला की सोसायटी जादा घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे लेखी दिल्यावर कमी झालं. आणि भाडेकरारावर नुसता नोटरीचा शिक्का पुरत नाही. अकरा महिन्यांचा असला तरी हा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे (महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५). ऑनलाइन घरबसल्या होतो. भाडेकरूची माहिती पोलिसांनाही कळवा.

घर जरूर घ्या, पण सहा महिन्यांचे हप्ते आधी बाजूला ठेवून.