परवाना कारखान्याचा, कंटेनर आपला

हत्यारांच्या धंद्यातल्या मित्रांसाठी लिहितोय. लांब आहे, पण आयातीचा विचार करत असाल तर शेवटपर्यंत वाचा.

बाहेरून पाने, पकडी, हातोडे मागवणाऱ्या लोकांत बसलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: 'आयएसआय वगैरे सगळा कागदांचा खेळ आहे, एजंटला सांगितलं की होतं.' मला या वाक्याचा राग येतो. कारण हत्यार वापरणारा माणूस ते वाक्य बोलणाऱ्याच्या घरातला नसतो.

हातोड्याचंच बघा. तोंडाला पाणी जास्त दिलं गेलं, म्हणजे पोलाद प्रमाणाबाहेर कडक झालं, की छिन्नीवर घाव बसताच त्याचा टवका उडतो. तो सरळ डोळ्यात जाऊ शकतो. पाणी कमी पडलं तर तोंड चेपतं. पान्याचंही तसंच. पोलाद नरम असेल तर जबडा फाकतो, बोल्टचे कोपरे झिजतात, पाना सटकतो आणि फिटरची बोटं लोखंडावर आपटतात. दुकानात काउंटरवर ठेवलेल्या चकचकीत क्रोमखाली यातलं काहीच दिसत नाही. ते फक्त चाचणीत दिसतं. म्हणून तर पान्यांसाठी आयएस २०२८, पकडीसाठी आयएस ३६५०, हातोड्यासाठी आयएस ८४१ अशी भारतीय मानकं लिहिली गेली.

वायरमनच्या पकडीचा विषय त्याहून गंभीर आहे. मुठीवर लाल-पिवळं प्लास्टिक चढवलं म्हणजे पक्कड इन्सुलेटेड होत नाही. चालू लाइनवर वापरायच्या हत्यारांसाठी आयईसी ६०९०० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात १००० व्होल्टसाठीचं हत्यार पाण्यात बुडवून १० हजार व्होल्टला तपासतात, आणि कारखान्यातून निघणारा एकेक नग तपासायचा असतो. मग त्यावर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्टचा आकडा येतो. ही खूण चाचणीशिवाय छापून विकणं हा माझ्या मते सरळ गुन्हा आहे, आणि बाजारात असा माल पाहिला की मी घेत नाही.

आता नियमाकडे येऊ, कारण इथेच लोकांचा गोंधळ होतो. मानक असणं वेगळं आणि ते सक्तीचं असणं वेगळं. २०१६ च्या बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) कायद्याखाली केंद्र सरकार एखाद्या वस्तूसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढतं. त्यात दिलेल्या तारखेनंतर आयएसआय चिन्हाशिवाय ती वस्तू बनवता येत नाही, आणता येत नाही, विकता येत नाही. खेळण्यांना हे १ जानेवारी २०२१ पासून लागू झालं, ते सगळ्यांना आठवत असेल. मोडलं तर पहिल्या वेळी किमान दोन लाख, पुढच्या वेळी किमान पाच लाख दंड, आणि दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद. म्हणून ऑर्डर द्यायच्या आधी, अ‍ॅडव्हान्स पाठवायच्या आधी, आपल्या मालाचं मानक बीआयएसच्या सक्तीच्या यादीत आहे का ते बघा. माल न्हावा शेवाला उतरल्यावर नाही. तिथे कंटेनर अडकला की रोजचं भाडं चढत जातं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: हे चिन्ह लावायचा बीआयएसचा परवाना आयातदाराला मिळतच नाही. तो परदेशी कारखान्याला मिळतो, त्याच पत्त्यासाठी, त्याच मालासाठी. कारखान्याने दिल्लीला अर्ज करायचा, भारतात राहणारा प्रतिनिधी नेमायचा, स्वतःची प्रयोगशाळा दाखवायची. बीआयएसचे अधिकारी तिथे जाऊन बघणार, त्यांचा प्रवासखर्च कारखान्याचा. नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासले जाणार. वर १० हजार डॉलरची बँक गॅरंटी. म्हणजे युरोपची सीई खूण, आयएसओ ९००१ चं प्रमाणपत्र किंवा कुठल्या तरी लॅबचा रिपोर्ट यांपैकी काहीही त्या परवान्याच्या जागी चालत नाही. माझ्याच ओळखीच्या एका आयातदाराला एका सल्लागाराने असा लॅब रिपोर्टच 'सर्टिफिकेट' म्हणून विकला. पुरवठादाराने परवाना आहे म्हटलं की सीएम/एल नंबर, म्हणजे परवान्याचा क्रमांक, मागा आणि बीआयएस केअर अ‍ॅपवर टाका. कारखान्याचं नाव, पत्ता, मानक, मुदत, चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत.

माझी तक्रार वेगळी आहे. वर्षाला दहा-पंधरा कंटेनर उचलणाऱ्यासाठी कारखाना हे सगळं करेल. पुण्यातला किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरचा छोटा व्यापारी चारशे पाइप पाने मागवतो, त्याच्यासाठी तैवानचा चांगला कारखाना अर्ज भरायलाही बसत नाही. मग माणूस चांगला कारखाना सोडतो आणि 'सगळं करून देतो' म्हणणाऱ्याकडे वळतो. ज्या नियमाने माल सुधारायचा, त्यानेच छोट्याला वाईट मालाकडे ढकललं. हे थांबवायचं असेल तर छोट्या खेपांसाठी बॅचनिहाय चाचणीची वाट ठेवा. बंदरावर नमुने काढा, इथल्याच प्रयोगशाळेत तपासा, खर्च आयातदाराकडून घ्या, नापास झालं तर माल परत पाठवा. मी तो खर्च आनंदाने देईन.

दुसरी गोष्ट इथल्या कारखानदारांची. जालंधर, लुधियाना, आपलं नाशिक, इथे चांगली हत्यारं बनतात. तरी जगाच्या हातहत्यारांच्या निर्यातीत चीन कितीतरी पुढे आणि आपण १.८ टक्के, असं नीती आयोगाच्या एप्रिल २०२५ च्या अहवालात आहे. त्याच अहवालात पोलाद आणि यंत्रांवरचे गुणवत्ता आदेश सुटसुटीत करा असंही सांगितलंय. ते योग्यच आहे. कच्च्या पोलादावर अडवणूक करायची आणि तयार पान्याकडून जागतिक दर्जा मागायचा, हे जमणार नाही. सक्ती तयार हत्यारावर ठेवा, आणि त्या सक्तीत आधी टवका उडणारी, शॉक देणारी हत्यारं आणा. बागेतली खुरपी नंतर बघू.

कुणाला परवाना तपासायला अडचण येत असेल तर पुरवठादाराने दिलेला सीएम/एल नंबर कमेंटमध्ये टाका. मी रात्री दुकान बंद केल्यावर बघून सांगतो.