शनिवारचे नऊ मार्क

टोकियोच्या निशिकासाई भागात रूम घेतली तेव्हा शेगडी एक, पातेलं एक आणि स्वयंपाकाची अक्कल शून्य, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात ठरवलं की दुकानात दिसतील तेवढे इन्स्टंट नूडल्स खायचे आणि वहीत मार्क द्यायचे. नूडल्सला चार, सुपाला चार, वरच्या सामानाला दोन. (रोज बाहेर रामेन, म्हणजे सुपातल्या जपानी नूडल्स, खाणं परवडत नव्हतं हे खरं कारण, पण "जरा अभ्यास चाललाय" म्हणलं की बरं वाटतं.)

सुरुवात मूळपुरुषापासून. मोमोफुकु आंदो नावाच्या माणसाने ओसाकाजवळ इकेदाला, घरामागच्या शेडमध्ये खटपट करून १९५८ मध्ये चिकन रामेन काढलं. नूडल्स तेलात तळल्या की आतलं पाणी उडून जातं, बारीक भोकं राहतात आणि मग त्याच भोकांतून गरम पाणी शिरून त्या परत मऊ होतात. आपण कुरडया वाळवून तळतो, याने तळून वाळवल्या, एवढाच काय तो फरक, पण आपल्या आज्ज्यांपैकी कुणी म्युझियम काढलं नाही आणि याची जपानात दोन आहेत, एक इकेदाला नि एक योकोहामाला. मार्क सहा. वरचं सामान काहीच नाही, अंडं आपणच फोडून घालायचं, ते बसायला गठ्ठ्यात खळगा तेवढा दिलाय. खळग्याला मार्क नाहीत.

कप नूडल १९७१ चं. त्याला सात दिले, पण खरं सांगू का, रात्री अकराला ऑफिसातून आल्यावर काहीही खाल्लं तरी सातच्या खाली जातच नाही, आणि तेच रविवारी दुपारी पोट भरलेलं असताना चारवर येतं. बोर्डाचे पेपर तपासणारे जेवून बसतात की उपाशी, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला.

मग याकिसोबा, म्हणजे सूप नसलेल्या, सॉसमधल्या नूडल्स. याच्यात पाणी घालायचं, तीन मिनिटं थांबायचं आणि झाकणाच्या भोकांतून ते सगळं ओतून टाकायचं, सॉस नंतर. मी सॉस आधी घातला. म्हणजे सगळी चव बेसिनमध्ये आणि डब्यात उकडलेला सुतळीचा तोडा. दुसऱ्या वेळी सॉस नीट बाजूला ठेवला, तर ओतताना झाकणच सुटलं आणि उकळतं पाणी पडल्यावर स्टीलच्या सिंकने असा 'धब्ब' आवाज काढला की मी दचकून उरलेला डबाही सोडला. सिंकमधल्या नूडल्सला मार्क द्यावेत का, यावर बराच विचार केला. दोन दिले. आणि हो, खाल्ल्या.

पण खरा घोळ शनिवारचा. घरात शनिवार मारुतीचा, त्या दिवशी मांस-मच्छी बंद, आणि इथे येताना आईला शब्द दिलेला. कांजी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं, वाचता येत नाहीत, म्हणून चित्रावर विश्वास. किट्सुने उदोनच्या झाकणावर काय, जाड पांढऱ्या नूडल्स आणि वर तळलेल्या तोफूची गोडसर चौकोनी पोळी. किट्सुने म्हणजे कोल्हा, त्याला ही पोळी आवडते असं इथले लोक मानतात, पण डब्यात कोल्हा नाही एवढी खात्री केली होती. शुद्ध शाकाहार! सूप तर असलं भारी की मिसळीच्या कटासारखं तळापर्यंत प्यायलो. लागोपाठ सहा शनिवार. मार्क नऊ, वहीतले सगळ्यात जास्त.

सातव्या शनिवारी वरच्या मजल्यावरचे काका आले, वीस वर्षं इथे काढलेला माणूस. डबा हातात फिरवून म्हणाले, "अरे, हे कात्सुओ लिहिलंय बघ. मासा. धुरावर वाळवून किसतात, त्याचं पाणी आहे हे." म्हणजे मी ज्याला नऊ दिले तो आपल्या सुकटीचा जपानी चुलतभाऊ! वर काका म्हणतात, "ओसाकाकडचा खाऊन बघ, तिकडे कोंबूची, म्हणजे समुद्री शेवाळाची, चव जास्त. दोनबेई ब्रँडच्या तिकडच्या झाकणावर बारीक डब्ल्यू असतो, वेस्टचा, इकडच्यावर ई, ईस्टचा." म्हणलं, त्यात मासा नसतो ना? "असतो की."

रात्री व्हिडिओ कॉलवर आईला सगळं सांगून टाकलं. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "जाऊ दे. मारुती अख्खा समुद्र ओलांडून गेलेला, मासे त्याला काय नवीन आहेत? घरात अजून किती डबे आहेत?"

"दोन."

"मग ते शुक्रवारी खा."